कणांचा आकार आणि एका शेऱ्यापाशी अडलेला माझा प्रकल्प

एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी जड अणुकेंद्रकांच्या टकरींमधील कणांच्या आकारमानाचा परिणाम हा विषय मी घेतला. मार्गदर्शक मिळणे, वाचन आणि प्रस्तावाचे लेखन विनासायास पार पडले. अडले ते छाननी समितीपाशी. प्रस्ताव मंजूर होईना आणि परतही येईना. खानापूरहून बेळगावला येऊन कार्यालयात विचारले, की ‘नाळे बन्री’ (उद्या या) एवढेच उत्तर मिळे. फाइलवर शेरा पडलेला आहे, हे कोणी सांगत नसे. अखेर शेऱ्याची प्रत मिळावी असा लेखी अर्ज मी कन्नडमध्ये लिहवून घेतला आणि त्याची पोच घेतली, तेव्हा तो शेरा हाती आला. ज्यांची फाइल अशी पडून आहे, त्यांनी तोंडी विचारण्यात वेळ घालवू नये.

शेरा एका ओळीचा होता: कणांना आकार दिल्याने त्यांच्या संख्यांची गुणोत्तरे बदलत नाहीत, मग विषयाचे प्रयोजन काय? याचा राग मला अजूनही येतो, कारण ते विधान एका मर्यादित अर्थाने खरे आहे आणि तेवढ्यावरच सगळे काम थांबवले गेले.

लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकात शिशाची केंद्रके दर न्यूक्लिऑन-जोडीमागे (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) 2.76 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला आदळवून मोजलेल्या पायॉन, केऑन, प्रोटॉन इत्यादींच्या संख्यांवरून, कण बिंदुवत धरणाऱ्या हॅड्रॉन-वायूच्या (क्वार्कांनी बनलेल्या अशा कणांच्या वायूच्या) प्रारूपाने सुमारे 156 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेच्या एककात) तापमान निघते. प्रत्यक्षात r त्रिज्येच्या दोन कठीण गोलांची केंद्रे 2r पेक्षा जवळ येऊ शकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक कणाच्या वाट्याला त्याच्या स्वतःच्या आकारमानाच्या चौपट जागा वर्ज्य होते, त्रिज्या 0.3 फेम्टोमीटर धरल्यास ही जागा सुमारे 0.45 घन फेम्टोमीटर भरते. कल्पना व्हान डर वाल्स यांच्या 1873 च्या प्रबंधातली आहे. रिश्के, गोरेनस्टाइन, श्टोकर आणि ग्रायनर यांनी 1991 मध्ये ती हॅड्रॉन-वायूत ऊष्मागतिकीशी सुसंगत रीतीने मांडली. त्या मांडणीत रासायनिक विभवातून (एक कण वाढवण्याच्या ऊर्जा-किमतीतून) दाब आणि वर्ज्य आकारमान यांचा गुणाकार वजा होतो, म्हणून दाब समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो आणि तो पुनरावृत्तीनेच काढावा लागतो.

सर्व कणांना एकच त्रिज्या दिली, तर सगळ्यांच्या घनता जवळजवळ एकाच गुणकाने घटतात आणि गुणोत्तरे टिकून राहतात. शेरा इथपर्यंतच खरा होता. मात्र घनता घटली की मोजलेली संख्या जुळवण्यासाठी टकरीतील वायूचे एकूण आकारमान मोठे धरावे लागते. शिवाय बेरिऑनांना (प्रोटॉनसारख्या कणांना) मेसॉनांहून (पायॉन, केऑन यांसारख्या कणांहून) मोठा आकार दिला, की प्रोटॉन आणि पायॉन यांचे गुणोत्तरही हलते. आकारमान वस्तुमानाच्या प्रमाणात धरले, तर जुळणीतून निघणारे तापमान नेमके न ठरता मोठ्या पल्ल्यात कुठेही बसू शकते, हे व्होव्हचेंको आणि श्टोकर यांनी दाखवले आहे. म्हणजे 156 या आकड्यामागेही आकाराविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे.

सर्वांत मोठा फरक कणसंख्येच्या चढउतारांत पडतो. एकाच जातीच्या कणांच्या साध्या वायूत वर्ज्य आकारमान आणि घनता यांचा गुणाकार 0.1 असेल, तर विचरण (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) आणि सरासरी यांचे गुणोत्तर 1 वरून 0.81 वर येते. हॅड्रॉन-वायू आणि क्वार्क-ग्लुऑन द्रव्य यांच्यातील स्थित्यंतराच्या क्रांतिक बिंदूच्या शोधात निव्वळ प्रोटॉनसंख्येचे (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) चढउतार तपासले जातात. तेव्हा कणांच्या आकारामुळे होणारी ही घट आधी हिशेबात धरलीच पाहिजे. बेरिऑन-संख्येच्या अक्षय्यतेमुळेही विचरण याच दिशेने घटते, म्हणून दोन्ही परिणाम वेगळे काढावे लागतात. हे सगळे मी लेखी उत्तरात मांडले आणि चढउतारांचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात ठेवला. पुढच्या बैठकीत प्रस्ताव मंजूर झाला. त्या मंजुरीचा मला अभिमान वाटतो.

आधी सांगायला हवे होते असे एक: प्रस्तावातच ‘सर्व कणांना समान त्रिज्या’ आणि ‘जातीनुसार वेगळी त्रिज्या’ हे दोन भाग स्वतंत्र लिहावेत, म्हणजे असा आक्षेप उरत नाही. मोजमापांचे आकडे हेपडेटा या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहेत आणि हॅड्रॉन-वायूचे हिशेब करणारी थर्मल-फिस्ट ही मोफत आज्ञावली साध्या संगणकावर चालते, त्यामुळे बेळगावात बसूनही हे काम होते. हिशेब तपासताना त्रिज्या शून्य ठेवून आदर्श वायूचे उत्तर परत मिळते का, ते सर्वांत आधी पाहावे.