दोन वेगवान कोअर की चार सावकाश?

२००८ साली नवा डेस्कटॉप जुळवायला बसलेल्या कितीतरी जणांनी या प्रश्नावर डोकं खाजवलं असेल: इंटेलचा चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे काम करणारं एकक) कोअर २ क्वाड क्यू६६०० घ्यावा की दोन कोअरचा कोअर २ ड्युओ ई८४००? माझ्याकडे आज दोन्ही आहेत आणि पी३५ चिपसेटच्या एकाच मदरबोर्डवर ते आलटून पालटून बसतात. सॉकेट दोघांचंही एलजीए ७७५. तीच डीडीआर२ रॅम, तेच ग्राफिक्स कार्ड, तोच एसएसडी. बदलतो तो फक्त प्रोसेसर, त्यामुळे जो फरक दिसतो तो त्याचाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकेक कोअर बघितला तर ई८४०० सरस आहे. पण रोज वापरायचा कॉम्प्युटर असेल तर आज मी क्यू६६०० बसवतो, आणि यात मला आता शंका उरलेली नाही.

क्यू६६०० जानेवारी २००७मध्ये आला: ६५ नॅनोमीटर, २.४ गिगाहर्ट्झ, १०६६ची बस (प्रोसेसरला बाकीच्या मशीनशी जोडणारा डेटाचा रस्ता, म्हणजेच फ्रंट साइड बस). ई८४०० वर्षभराने, जानेवारी २००८मध्ये: ४५ नॅनोमीटर, ३.० गिगाहर्ट्झ, १३३३ची बस. म्हणजे ड्युओचा क्लॉक २५ टक्क्यांनी जास्त, क्वाडचे कोअर दुप्पट. २००८मध्ये बहुतेक गेम दोन कोअरपलीकडे फारसं काही वापरत नव्हते, त्यामुळे तेव्हा ज्यांनी ई८४०० घेतला त्यांचा निर्णय त्या वेळेपुरता अगदी योग्य होता. त्या काळातले गेम मी आजही लावतो तेव्हा तोच पुढे असतो.

या जोडीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दोघांचा मल्टिप्लायर (बसच्या मूळ क्लॉकला ज्या आकड्याने गुणलं की प्रोसेसरचा क्लॉक मिळतो तो) सारखाच, ९. बसचा मूळ क्लॉक २६६ किंवा ३३३ मेगाहर्ट्झ; एका ठोक्याला चारदा डेटा जातो म्हणून तिला १०६६ किंवा १३३३ म्हणतात. २६६ गुणिले ९ म्हणजे २.४ आणि ३३३ गुणिले ९ म्हणजे ३.०. बायोसमध्ये जाऊन क्यू६६००ची बस २६६वरून ३३३वर नेली की तोही ३.० गिगाहर्ट्झवर येतो. क्लॉक सारखा, बस सारखी, मग उरतो तो निव्वळ रचनेतला फरक. माझा क्यू६६०० जी० स्टेपिंगचा, म्हणजे त्याच चिपच्या सुधारित आवृत्तीचा, आहे (वरच्या धातूच्या झाकणावर एसएलएसीआर कोरलेलं असतं). आधीच्या बी३ स्टेपिंगचा टीडीपी (कूलरला जेवढी उष्णता काढावी लागते तो आकडा) १०५ वॉट होता, याचा ९५. व्होल्टेज न वाढवता तो ३.०वर शांतपणे चालतो. जुना क्यू६६०० मिळत असेल तर झाकणावरची ही अक्षरं आधी वाचावीत.

अशी बरोबरी करूनही एका थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या, कामात ई८४०० थोडा पुढे राहतो. त्याच्यातलं भागाकाराचं सर्किट नवीन आहे, एका फेरीत जुन्याच्या दुप्पट बिट काढतं. एसएसई४.१ या संचातल्या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या ४७ सूचनाही फक्त त्याच्याकडे आहेत. कॅशचंही तसंच. क्यू६६००ची एल२ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) ८ एमबी लिहिलेली असते, पण ती ४ अधिक ४ अशी विभागलेली. एकटा थ्रेड चालला तर त्याच्या वाट्याला ४च येतात. ई८४००च्या ६ एमबी दोन्ही कोअरच्या सामाईक, एकट्या थ्रेडला सगळ्या मोकळ्या.

ही विभागणी का, हे समजलं की क्यू६६००चं सगळं वागणं उलगडतं. तो खरं तर चार कोअरचा एक तुकडा नाहीच. दोन ड्युअल-कोअर तुकडे एका पॅकेजवर शेजारी शेजारी बसवलेत आणि त्यांच्यामध्ये थेट वाट ठेवलेली नाही. पहिल्या तुकड्यातल्या कोअरला दुसऱ्यातल्या कोअरकडचा डेटा हवा असेल तर तो फ्रंट साइड बसवरून, बाहेरून येतो. शेजारच्या खोलीत निरोप द्यायला रस्त्याला वळसा घालून जावं, तसं. रॅमकडे जायचा रस्ताही तोच, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नाही, मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये आहे. १०६६च्या बसवर सेकंदाला जेमतेम ८.५ जीबी, आणि त्यावर चार कोअरची गर्दी.

लिनक्समध्ये हे प्रत्यक्ष बघता येतं. कोणते कोअर कोणत्या कॅशवर आहेत ते एलएसटोपो ही कमांड दाखवते. मग सतत एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करणारे दोन थ्रेड टास्कसेट या कमांडने आधी एकाच तुकड्यावर बांधायचे, नंतर दोन वेगळ्या तुकड्यांवर. प्रोग्राम तोच, क्लॉक तोच, आणि दुसऱ्या वेळी वेग उतरतो. जुन्या प्रोसेसरशी खेळण्यातला आनंद मला इथे मिळतो: एरवी आकृतीत बघायची गोष्ट हाताने करून बघता येते. म्हणूनच बस ३३३वर नेणं क्यू६६००ला दुहेरी लाभतं. कोअर वेगवान होतात ते होतातच, रस्ताही रुंदावून १०.६ जीबीवर जातो.

एक्स२६४ या प्रोग्रामने व्हिडिओ एन्कोड करताना मात्र क्यू६६०० मूळ २.४वरही ई८४००ला मागे टाकतो, ३.०वर तर तुलनाच नको. फाइल दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपचंही तेच. आणि ब्राउझर! आजचा ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी, जाहिरातीच्या चौकटींसाठी वेगळ्या प्रोसेस उघडतो. एखादं जड पान उघडताना ई८४००चे दोन्ही कोअर पूर्ण भरतात आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. क्यू६६००वर ते पान फार लवकर उघडतं असं नाही, पण ते उघडेपर्यंत बाकीचं मशीन हाताशी राहतं. ग्राफिक्स कार्डाला नव्या पद्धतीचा व्हिडिओ डीकोड करता येत नसेल तर हे आणखी ठळक दिसतं.

वीज आणि उष्णता यांत ई८४०० सरळ जिंकतो, ६५ वॉट टीडीपी. क्यू६६०० ३.०वर न्यायचा असेल तर चांगला कूलर लावा, यात काटकसर नको.

एका गोष्टीत दोघे सारखेच मागे पडलेत. एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना दोघांकडेही नाहीत, त्यामुळे विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती यांच्यावर सुरूच होत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९लाही त्या लागतात. डेबियनची ६४ बिट आवृत्ती चालते, आणि माझा क्यू६६०० तिच्यावरच असतो. ई८४०० मी विंडोज एक्सपी आणि जुन्या गेमसाठी राखून ठेवलाय, तिथे त्याला तोड नाही.

तुमच्याकडे यांपैकी एकच असेल आणि दुसरा बसवून बघायचा विचार असेल, तर आधी मदरबोर्डची प्रोसेसर-यादी आणि बायोसची आवृत्ती तपासा. ९६५ चिपसेटच्या काळातले बरेच बोर्ड क्यू६६०० आनंदाने चालवतात, पण ४५ नॅनोमीटरचा ई८४०० घालून चालू केलं तर पडद्यावर काहीच येत नाही.