कार्ट्रिज उघडल्यावर आधी काय बघावं

परवा दुपारी लाईट गेली, तेव्हा दाराच्या उजेडात बसून थोरल्या मामांनी दुबईहून आणलेल्या गेम बॉयच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम यंत्राच्या, सगळ्या कार्ट्रिज (गेम असलेल्या प्लास्टिकच्या डब्या) मी उघडल्या. मागे एकच स्क्रू असतो. त्याला घरातला पेचकस चालत नाही, टोकाला खोबण असलेला ३.८ मिलिमीटरचा लागतो.

'टेट्रिस'चा बोर्ड बघून थक्क झालो. ३२ केबीची रॉम, म्हणजे गेम साठवलेली चिप, बस्स! गेम बॉयच्या प्रोसेसरला एका वेळी कार्ट्रिजमधली तेवढीच रॉम दिसते, म्हणून मोठ्या गेमला बँका, म्हणजे रॉमचे तुकडे, आलटून पालटून समोर आणणारी एमबीसी चिप लागते. बोर्डावर 'डीएमजी'नं सुरू होणारा कोड छापलेला असतो. तो आणि चिपवरचं नाव, दोन्ही वहीत उतरवा. गेमच्या नावावर विसंबू नका. 'पोकेमॉन रेड' जपानात एमबीसी १ वर निघाला, बाहेरच्या देशांत एमबीसी ३ वर.

'पोकेमॉन गोल्ड'मध्ये सीआर २०२५ हा नाण्यासारखा सेल आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा इवलासा क्रिस्टल आहे, मनगटी घड्याळात असतो तसाच. गेममधली रात्र त्याच्यामुळे होते. सेल काढला की सेव्ह गेलंच समजा.

शहागंजातल्या एका गाड्यावरून घेतलेल्या कार्ट्रिजनं मात्र जीव हळहळला. लेबल हुबेहूब, पण आत चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा, आणि सेलची जागा रिकामी. धाकटा रडून सांगायचा, "दादा, माझा गेम सेव्हच होत नाही." मी त्यालाच रागवायचो. काल त्याला त्या बोर्डाचा फोटो पाठवला.