शत्रूशिवायचा निबंध

डिसेंबर १९७१. मी नववी ‘ब’मध्ये होतो. युद्ध सुरू झालं होतं. नागपुरात महालातल्या आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता, त्यांच्या ओसरीवर संध्याकाळच्या बातम्यांना पंचवीस-तीस माणसं जमायची. वर्गात तर दुसरा विषयच नव्हता. इतिहासाच्या तासाला सर आले तेव्हा फळ्यावर कोणीतरी ‘पाकिस्तान मुर्दाबाद’ असं ठळक लिहून ठेवलं होतं. सरांनी ते पुसलं नाही. शेजारी लिहिलं, ‘निबंध : माझा देश. दोन पानं, उद्या.’ आणि खाली अट घातली, ‘दुसऱ्या कोणत्याही देशाचं नाव येता कामा नये.’

मला वाटलं, यात काय अवघड आहे? रात्री वही घेऊन बसलो आणि अर्ध्या पानातच संपलो. हिमालय, गंगा, तिरंगा, शूर जवान. पुढे पेन चालेना. जवान कोणाशी लढतात, ते लिहायची सोयच नव्हती. सकाळी कळलं की सगळ्यांचीच तीच गत. मागच्या बाकावरचा आमचा मित्र उठून म्हणाला, “सर, नाव नाही घ्यायचं तं लिहाचं काय?”

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “आईवर निबंध लिहिताना शेजारणीला शिव्या द्याव्या लागतात का रे?”

त्या तासाला सरांनी देशप्रेम आणि राष्ट्रवाद यांतला फरक सांगितला. देशावर प्रेम करायला देश पुरतो, राष्ट्रवादाला मात्र समोर कोणीतरी लागतो, असं त्यांचं म्हणणं. शब्दावर वाद होऊ शकतो. टिळकांच्या पिढीने ‘राष्ट्रीय’ हा शब्द अभिमानाने मिरवला आणि त्यांचा लढा गुलामीविरुद्ध होता, हे सरही मान्य करत. पण माणूस नेमकं कशावर जगतो, आपल्या माणसांवरच्या मायेवर की परक्याच्या द्वेषावर, हे ओळखायला ती निबंधाची अट मला आजही पुरते.

सरांनी उदाहरणं दिली ती गावातलीच. १९२३ साली सिव्हिल लाईन्समधून चरख्याचा झेंडा न्यायला इंग्रजांनी मनाई केली, तेव्हा १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत आणि अटक होत. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्याने गेली.

दुसरं उदाहरण ऐकताना वर्गात चुळबूळ झाली, कारण ते चीनचं होतं. १९६२ला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. सर म्हणाले, जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर तिकडे पाठवले. त्यांपैकी एक आपल्या नागपूरचे, डॉ. चोळकर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच राहिले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. “आपला देश तेव्हा स्वतःच गुलाम होता,” सर म्हणाले, “तरी ही माणसं गेली. यांचं देशप्रेम कमी होतं असं कोण म्हणेल?” कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पण घरी जाताना चोळकर हे नाव मी मनात घोळवत होतो. आपल्याच गावचं होतं ना.

पुढे मी आरोग्य खात्यात लागलो आणि सरांचं बोलणं मला माझ्याच दंडावर सापडलं. लहानपणी देवीच्या रोगाची लस टोचल्याचा व्रण. खात्यातल्या जुन्या माणसांकडून आणि नंतर वाचनातून समजलं, की देवीच्या मोहिमेसाठी सोव्हिएत रशियाने भारताला लस फुकट दिली होती आणि टोचायची दोन टोकांची सुई एका अमेरिकन कंपनीत शोधली गेली होती. कंपनीने तिचं स्वामित्वधन सोडून दिलं होतं. ज्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं म्हणून आम्ही संतापलो होतो, त्या काळातही आपल्या गावोगाव हीच सुई चालत होती.

आणि खरा धडा त्याच युद्धात होता. पूर्व बंगालातून देवी गेली होती. लाखो निर्वासित आपल्याकडच्या छावण्यांतून १९७२च्या सुरुवातीला मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर देवीही परतली. मग १९७५च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण झाला तरी आपण निर्धास्त नव्हतो, कारण पलीकडे साथ होती. ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातल्या भोला बेटावरच्या एका लहान मुलीला देवी झाली, ती तिथली शेवटची रुग्ण. ती बरी झाली, तेव्हा कुठे या भागाने सुस्कारा सोडला. आपल्या लेकरांना वाचवायचं तर बांगलादेशातलं लेकरूही वाचायला हवं होतं, हा नुसता हिशेब होता. जगाची एकजूट हे स्वप्नाळू बोलणं आहे असं कोणी म्हणालं, की मी १९८० साल सांगतो. त्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देवी पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या दोन महासत्तांनी हे काम बरोबरीने केलं.

करोनाच्या काळात देशोदेशीची लशींसाठीची ओढाताण पाहिली आणि सर फार आठवले.

तो निबंध आम्ही दुसऱ्यांदा लिहिला. सरांनी आठवड्याची मुदत दिली होती. मी आजीला विचारून मारबतीच्या मिरवणुकीबद्दल लिहिलं, तान्ह्या पोळ्याला दारोदार फिरवलेल्या माझ्या लाकडी बैलाबद्दल, शुक्रवारी तलावाबद्दल, आमच्या गल्लीतल्या कोष्ट्यांच्या मागांबद्दल लिहिलं. पानं दोनाची पाच झाली. सरांनी शेरा दिला नाही. ‘मागांचा आवाज कसा येतो, तेही लिही’ एवढंच समासात लिहिलं होतं.