आधी पाणी, मग आग

रविवार, रात्रीचे साडेदहा. मुलुंड.

आज नाना, माझे वडील, दुपारी झोपले नाहीत. ऐंशी उलटल्यापासून जेवण झालं की ते आडवे होतातच, पण आज माझ्या भाच्याचा इंग्लंडहून व्हिडिओ कॉल आला आणि पाऊण तास ते खुर्चीतून हलले नाहीत. चहा केला तो तसाच गार झाला.

भाचा शिकायला गेला त्या गावापासून लेटन बझर्ड जवळ आहे. तिथं दोन फुटी, म्हणजे आपसात दोन फूट अंतर असलेल्या, रुळांवर वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी चालते आणि ती चालवतात गावचे लोक, पगाराशिवाय. ही लाइन १९१९ साली वाळू वाहायला टाकली. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत सामान पोचवायला ज्या हलक्या रेल्वे होत्या, त्यांचं उरलेलं साहित्य तिच्यासाठी वापरलं. पुढे वाळू ट्रकनं जायला लागली. लाइन बंद पडायच्या बेतात असताना, साठच्या दशकाच्या शेवटी, हौशी मंडळींनी ती हाती घेतली. तेव्हापासून ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिकीट देणारे, रस्ता ओलांडताना झेंडा घेऊन गाड्या थांबवणारे, सगळे स्वयंसेवक.

भाचा दोन महिने झाले दर रविवारी तिथं जातो. अजून त्याला इंजिनावर चढू दिलेलं नाही. पुसायचं, राख काढायची, कोळसा भरायचा. सुती कपडे घालून ये असं पहिल्याच दिवशी बजावलं, नायलॉनवर ठिणगी पडली तर कापड कातडीला चिकटतं म्हणून. हे ऐकून नाना एकदम म्हणाले, "बरोबर शिकवतायत."

नाना सत्तरच्या दशकात सहा वर्षं नेरळच्या इंजिन शेडमध्ये फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकणारे. माथेरानची गाडी १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं सुरू केली, तीसुद्धा दोन फुटीच. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार इंजिनं आली, नंबर ७३८ ते ७४१. वाफ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली, डिझेल आलं. त्यातलं ७४० पुढे समुद्र ओलांडून लेटन बझर्डच्या मंडळींकडे गेलं. भाचा मुळात लेटन बझर्डला गेला तो याच इंजिनासाठी. आजोबांनी ज्याच्या पोटात कोळसा टाकला ते इंजिन बघायचं, एवढंच मनात होतं. बघायला गेला आणि हातात चिंधी घेऊन राहिला.

नानांनी आज त्याला वळणाचं सांगितलं. मी लहानपणापासून ऐकत आले, पण नीट समजलं आजच. घाटात काही वळणं इतकी आवळ की सहा चाकांचं इंजिन त्यात अडकूनच बसेल. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांचा कणा पोकळ केलेला, त्याच्या आत दुसरा कणा. वळण आलं की बाहेरचा कणा चाकांसकट थोडा बाजूला सरकतो. नानांनी टेबलावरचा स्टीलचा पेला घेतला, आत पेन्सिल घातली आणि कॅमेऱ्यासमोर पेला हलवून दाखवला. बोटं थरथरतात त्यांची हल्ली. आज थरथरत नव्हती, किंवा माझं लक्ष गेलं नाही.

मग वाळू. पहाटे दव पडलं किंवा झाडांचा पाला रुळावर आला की वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या चढावर चाक जागच्या जागी फिरतं. तिथं रुळावर टाकायला वाळूच लागते, कोरडी आणि बारीक. भाचा हसून म्हणाला, "आजोबा, इथं तर सगळी वाळूच वाळू आहे." नाना म्हणाले, "ओली असली तर काही उपयोग नाही. वाळवून ठेवतात का विचार."

मग म्हणाले, "तुला कधी लाइट-अप करायला दिलं तर काडी ओढायच्या आधी गेज ग्लासमध्ये, बॉयलरचं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी बघायचं. दुसऱ्यानं बघितलं असलं तरी आपण बघायचं. आधी पाणी, मग आग. पाणी उतरलं आणि आग राहिली तर लेड प्लग, भट्टीच्या माथ्यावरचा शिशाचा बूच, वितळतो, आणि तो वितळला म्हणजे तुझी चूक." हे सांगताना आवाज चढला होता त्यांचा. भाचा नुसता मान हलवत होता.

फोन ठेवल्यावर मला मागच्या वर्षीची एक गोष्ट आठवली आणि पोटात तुटलं. एका ठिकाणी चौथऱ्यावर जुनं इंजिन उभं आहे, तिथं मी नानांना घेऊन गेले होते. चकचकीत काळं, चाकांना लाल पट्टे. नानांनी केबमध्ये हात घालून बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचं हँडल धरलं. हललं नाही. रंगावर रंग चढून ते पाइपाला चिकटून एक झालं होतं. खाली बघितलं तर राखेच्या पेटीत वेफरच्या पिशव्या. नाना काही बोलले नाहीत. परतताना ठाण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

मला राग रंगाचा येत नाही. कुणीतरी मायेनंच दिलेला असेल. पण इंजिनाला रोजचा हात लागतो. ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा, नळ्या घासायच्या, तेल द्यायचं, आणि हे ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शेजारी उभं करून शिकवायचं. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची लाइन आहे, स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली. ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा झाली आणि १९५१ च्या मेमध्ये गाडी सुटलीसुद्धा. हाताशी चालू इंजिन एकच, रूळ गवतात बुडालेले. जमलेल्यांत बरेच नुसते हौशी होते. पण म्हातारे जाणकार अजून होते, विचारायला माणूस होतं.

आपल्याकडे असे लोक नाहीत असं मला अजिबात वाटत नाही. आमच्याच गल्लीतली पोरं गणपतीचे दहा दिवस ऑफिस करून रात्र रात्र मांडवात राबतात. वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपणारे आहेत. रविवार द्यायला माणसं तयार असतात. नेरळला एखादं इंजिन महिन्यातून एकदा पेटवायचं ठरलं आणि हाक दिली, तर मी पहिल्या लोकलनं जाईन, राख उपसायला का होईना. पण शिकवणारे किती उरलेत? नानांच्या बरोबरचे दोघं या वर्षात गेले.

म्हणून संध्याकाळी नानांसमोर वही घेऊन बसले. दोनशे पानी, भाच्याच्या बारावीची अर्धी कोरी राहिलेली. "सकाळी शेडमध्ये पाय ठेवल्यापासून सांगा, काही गाळू नका." ते आधी लाजले, "त्यात काय लिहायचं," म्हणाले, आणि मग थांबेनात. पातळ आग कशी बांधायची, कोपऱ्यांत किती, मध्ये किती. भट्टीचा रंग कसा बघायचा. वॉटर पाइप स्टेशनला टाकी भरेपर्यंत खाली उतरून कुठं कुठं हात लावायचा, कुठला बेअरिंग गरम लागतो. उतारावर ड्रायव्हरची शिटी ऐकून प्रत्येक डब्यातला ब्रेकवाला आपला ब्रेक कसा आवळायचा, किती शिट्यांना आवळायचं आणि कितींना सोडायचं. ते तोंडानं शिट्या वाजवून दाखवत होते आणि मी आडव्या रेघा काढत होते, लांब आवाजाला लांब रेघ, तुटक्याला तुटक.

अकरा पानं झाली. नाना आत्ता आतून विचारतायत, इंजेक्टरचं लिहिलंस का. नाही लिहिलं अजून. उद्या तिथूनच.