लघवीचं कल्चर, दोनदा

लघवीला जळजळ हे माझं जुनंच दुखणं. दरवेळी मेडिकलवर जायचं, हळू आवाजात सांगायचं, सिप्रो या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणायच्या. बरं वाटलं की उरलेल्या पर्समध्ये. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी पट्टीवरची लाल रेघ जणू शोभेची.

यंदा मार्चमध्ये मात्र सिप्रो घेऊनही जळजळ हटेना, म्हणून औशाहून लातूरला डॉक्टरबाईंकडे गेले. "आता अंदाजानं गोळी नाही. आधी कल्चर." म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठले आहेत, कुठल्या औषधाला दबतात ते बघायचं.

लॅबनं डबी दिली. मी शहाणी, सकाळी घरीच भरली. एसटी उशिरा आली, उन्हात अडीच तास डबी पर्समध्ये. दोन दिवसांनी रिपोर्ट: मिश्र वाढ, म्हणजे बाहेरचे जंतू मिसळलेले, नमुना पुन्हा द्या. पैसे गेले. लॅबवाला दादा म्हणाला, "गरम डबीत जंतू वीस-वीस मिनिटाला दुप्पट होतेत मॅडम. इथंच द्या, नाही तर बर्फात आणा." दुसऱ्यांदा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धरली. झाकणाला आतून बोट लावलं नाही.

पुन्हा दोन दिवस कळ काढली. मग दादानं प्लेट दाखवली. गोठलेल्या खिरीसारखा थर, वर जंतूंची पातळ साय, सायीवर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या, एकेकीत एकेक औषध. एका टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ रिंगण, तिथं औषधानं जंतू वाढू दिले नाहीत. दुसरीला जंतू पार कडेपर्यंत चिकटलेले. "ही तुमची सिप्रो."

रिपोर्टात जंतूचं नाव ई. कोलाय, मिलिलिटरला 1 लाखाच्या वर. मला वाटलं, कुठून बाहेरून आणलं की काय! डॉक्टरबाई हसल्या. हा आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदानं राहतो, जागा सोडली की त्रास. बायकांच्या अंगात त्याच्या वाटेवर पहाराही असतो, दही लावणाऱ्या जंतूंच्या गोतावळ्यातला. ते आम्ल तयार करून त्याला टिकू देत नाहीत. वरचेवर अँटिबायोटिक घेतलं की हा पहाराच उठू शकतो. आणि दुसरा पहारा लघवीच्या धारेचा, ती जंतू धुऊन नेते.

"दिवसभरात किती वेळा जाता?"

मी गप्प. शाळेच्या बाथरूमला पाणी नाही, म्हणून आम्ही शिक्षिका शाळेत पाणीच पीत नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं, पाच दिवस, जेवणावर. लघवी गडद पिवळी झाली, घाबरू नका म्हणून सांगितलंच होतं. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. गोळ्या मात्र पाचही दिवस घेतल्या.

आता बाथरूमची चावी माझ्या पर्समध्ये असते. टँकर आला की आधी तिथला ड्रम भरून घेते. मुख्याध्यापक कुरकुरतात.