आवाज शेवटच्या बाकापर्यंत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं. मी 1969 साली जुन्या अकरावीची एसएससी देऊन शाळेतून बाहेर पडलो. पुढे टपाल खात्यात नोकरी, विरार लोकलचा प्रवास, संसार, निवृत्ती. हे सगळं आपल्या वसईतल्या माझ्या पिढीच्या कितीतरी जणांसारखंच आहे, म्हणून त्यावर जागा घालवत नाही. मी माझा आजचा आठवडा सांगतो. शाळेने काय दिलं ते नोकरीच्या धावपळीत कळलं नव्हतं. आता आठवडा माझ्या हातात आहे, तेव्हा दिसतं.

माझा रविवार शनिवारी रात्री सुरू होतो. जेवण उरकलं की मी दुसऱ्या दिवशीचं वाचन काढून बसतो. आमच्या चर्चमध्ये सकाळच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, बायबलमधलं पहिलं वाचन बहुधा माझ्याकडे असतं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. म्हणजे आज वाचलेला उतारा पुन्हा समोर येतो तो तीन वर्षांनी, आणि तोवर वाचणारा बदललेला असतो. त्या चक्रातल्या ‘ब’ वर्षात एका रविवारी जुन्या करारातल्या ईयोबाचा उतारा येतो. माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने चालले आहेत, असं तो म्हणतो. पत्नी गेल्यानंतर तो उतारा माझ्या वाट्याला आला तेव्हा मी तो रात्री स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आवाज न कापता शेवटपर्यंत जाता येईपर्यंत वाचत राहिलो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नीट वाचू शकलो. समोर बसलेल्यांमध्येही कुणाकुणाचं माणूस गेलेलं होतं. तो उतारा त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा होता.

हे मला आपल्या मराठीच्या सरांनी शिकवलं. वर्गात धडा वाचताना सर स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि तिथून म्हणत, “माझ्यापर्यंत येऊ दे.” ओरडलेलं त्यांना चालत नसे. शब्द पूर्ण उच्चारायचा, वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही, स्वल्पविरामाला थांबायचं, अवघड नाव आलं तर आदल्या दिवशी दहा वेळा म्हणून ठेवायचं. पेन्टेकॉस्टच्या सणाला ‘प्रेषितांची कृत्ये’मधला उतारा असतो: पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपोटेम्या, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. आजही ती यादी न अडखळता वाचली की मला सरांचा शेवटचा बाक आठवतो.

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कादोडी, म्हणजे वसईतल्या कुपारी ख्रिस्ती समाजाची बोली, बोलत. कुपारी घरातली मुलं शाळेत आली की तोंडातून कादोडी बाहेर पडायची आणि इतर मुलं हसायची. सर कधी हसले नाहीत. घरची भाषा घरी नीट बोला आणि पुस्तकातली पुस्तकासारखी वाचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या काळात चर्चमध्येही मोठा बदल चालला होता. मी लहानपणी वेदीसेवक होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणाले की आम्ही पोरं ‘एत कुम स्पिरितु तुओ’ म्हणून मोकळे व्हायचो. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर वेदीवर मराठी आली. एकाएकी गावाला वाचकांची गरज पडली. भर चर्चमध्ये उभं राहून मराठी स्पष्ट वाचेल असं माणूस कुठून आणायचं? फादरांनी शाळेकडे विचारणा केली आणि सरांनी आमच्यातल्या चौघांना पाठवलं. त्या दिवशी माझ्या आजीने, जिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, जुना करार आयुष्यात पहिल्यांदा समजून ऐकला. घरी आल्यावर ती मला त्या उताऱ्यातलं पुढे काय झालं म्हणून विचारत होती.

मधल्या दिवसांचं थोडक्यात सांगतो. सकाळी रोजची मिस्सा. माणसं मोजकी, जागा ठरलेल्या. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या आता हाताच्या बोटांवर आल्या आहेत, पण त्या घंटेच्या आधी येऊन माळ सुरू करतात. महिन्याच्या सुरुवातीला कॅथॉलिक बँकेत फेरी होते. धर्मगुरू मॉन्सिन्योर मोनिस यांनी 1918 साली ती पतपेढी उभी केली आणि सावकाराच्या वहीतून शेतकरी सोडवला. पासबुक भरायला गेलेली माझ्या वयाची माणसं तिथे अजून तासभर बोलत बसतात. बुधवारी गरजू घरांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट दी पॉल सोसायटीची बैठक. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी हे काम सुरू केलं; आमच्या छोट्या खोलीत ते अजून त्याच रीतीने चालतं. बैठकीच्या शेवटी कापडी पिशवी फिरते, जो तो आत मूठ घालतो, कुणी किती टाकलं ते कुणालाही कळत नाही. ठरलेल्या घरी जायचं ते दोघांनी मिळून जायचं.

बातम्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

शाळेच्या दाराशी वार्ताफलक होता. काळा, लांबट, वरच्या बाजूला कोरलेलं नाव. आठवीपासून पुढच्या मुलांनी पाळीपाळीने त्यावर बातम्या लिहायच्या, अर्ध्या भागात देशाच्या आणि अर्ध्या भागात गावाच्या. 11 जानेवारी 1966 च्या सकाळी ताश्कंदहून लालबहादूर शास्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा फलक लिहिणाऱ्या मुलाचा हात थरथरत होता, आणि सर मागे उभे राहून त्याला अक्षर सरळ ठेवायला सांगत होते. पुढच्या वर्षी, 1967 च्या डिसेंबरात, पहाटे कोयनेचा भूकंप झाला. हादरा आपल्याकडेही जाणवला होता. शाळेत येईपर्यंत प्रत्येकाकडे एक वेगळी बातमी होती. सरांनी फलक दुपारपर्यंत कोरा ठेवला. रेडिओवर जे आलं तेवढंच लिहायला लावलं आणि खाली ‘आकाशवाणी, दुपार’ असं घालायला सांगितलं.

गावाच्या बातमीसाठी त्यांचा नियम याहून कडक होता. एकदा माझ्या बाकावरच्या सोबत्याने लिहिलं, ‘काल एक म्हातारी विहिरीत पडली.’ सरांनी विचारलं, “म्हातारीला नाव नाही का?” मग त्याला त्या वाडीत पाठवलं. तो परत आला तो नाव घेऊन आला, विहीर कुणाची ते घेऊन आला, आणि बाई जिवंत असून पाय मोडल्यामुळे तिला दवाखान्यात नेलंय हेही घेऊन आला. तोवर अर्ध्या शाळेने तिला मारून टाकलं होतं. फलक पुसून नवीन बातमी लिहिली गेली. कुणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं का, कधी पाहिलं: हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सर खडूला हात लावू देत नसत.

आज आमच्या चर्चच्या आवारातला फलक मी सांभाळतो. त्यावर मयताची वेळ असते, रक्तदान शिबिर असतं, पाणी कधी येणार ते असतं, पालिकेची हरकती मागवणारी सूचना असते, दहावीचा निकाल असतो. मोबाइलवर गावाचा गट आहे, तिथे हे सगळं आधीच आलेलं असतं हे खरं. पण तिथे खोटंही त्याच वेगाने येतं. जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. कुठे किती पाणी आहे याबद्दल वाटेल ते निरोप फिरत होते आणि मुंबईला अडकलेली माणसं घाबरून फोन करत होती. तेव्हा आम्ही प्रत्येक आळीतला एक मुलगा नेमला. त्याने स्वतः बाहेर जाऊन पाहायचं आणि खूण सांगायची: पाणी क्रुसाच्या दुसऱ्या पायरीला लागलंय, शाळेच्या फाटकाशी गुडघाभर आहे. तेवढंच पुढे पाठवायचं. लोकांचा जीव त्या खुणांनी भांड्यात पडला.

आपल्या भागात गावाची बातमी ही करमणूक कधीच नव्हती. टँकरने विहिरी उपसल्या जाऊ लागल्या तेव्हा गोड्या पाण्यात खार शिरू लागला, बागायत करपू लागली, आणि हे शहरातल्या वर्तमानपत्रांना कळायच्या आधी ‘सुवार्ता’ मासिकात छापून येत होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे दीर्घकाळ संपादक होते आणि हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्चांत पुढे चालत होते. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. त्यातून गावं वगळण्याचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे न्यायालयात आणि मंत्रालयात फिरला. त्या काळात तारीख पडली की निकाल लागला, एवढी साधी बातमी खरी मिळणंही गावाला किती गरजेचं होतं ते आम्ही अनुभवलं. नंदाखालचे हे फादर दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा फलकावरची बातमी मी रंगीत खडूने लिहिली. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, तीही मीच लिहिली. माणसं फलकासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा वाचत होती. सगळ्यांना सकाळीच कळलेलं होतं, तरी.

शनिवारची दुपार मी सगळ्यांत जपतो. त्या दिवशी मी वाचायला जातो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी परमप्रसाद घेऊन जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर फिरताना माझ्या ध्यानात आलं की अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रार्थनेनंतर गाव हवं असतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी जमीन विकली, निर्मळच्या जत्रेत यंदा सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आली होती का. घरातली मुलं कामाला गेलेली, नातवंडं अभ्यासाला. टीव्ही दिल्लीचं सांगतो. नाळ्यातलं, भुईगावातलं कोण सांगणार? म्हणून मी एका पिशवीत आठवड्याची वर्तमानपत्रं, ‘सुवार्ता’ आणि माझ्या फलकाची वही घालून जातो.

त्यातलं एक घर माझ्या त्याच बाकावरच्या सोबत्याचं आहे. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. आयुष्यभर मोगरा लावला, पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात नेला. आता बाग मुलगा बघतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पालिका, मग मयत, मग फुलांचा भाव, आणि शेवटी उद्याचं शुभवर्तमान. मी बातमी वाचायला लागलो की तो डोकं एका बाजूला कलतं करून ऐकतो. मागच्या महिन्यात महामार्गावरच्या अपघाताची बातमी होती, ‘एका वृद्धेचा मृत्यू’ एवढंच छापलेलं. तो मधेच म्हणाला, “नाव दिलेलं नाही?” मी नाही म्हटलं. तो गप्प झाला. मी पुढची बातमी घेतली नाही, दोन दिवसांनी विचारपूस करून ते नाव मिळवलं आणि त्याला फोन करून सांगितलं. त्याच्या बायकोच्या माहेरची निघाली. त्याच संध्याकाळी ते दोघं रिक्षा करून त्या घरी जाऊन आले.

यंदा जूनपासून मुख्याध्यापिकाबाईंनी नववीची दोन मुलं शनिवारी माझ्याबरोबर पाठवायला सुरुवात केली आहे. पहिल्या खेपेला मुलगी इतकी हळू वाचत होती की माझ्या मित्राला ऐकूच येईना. मी उठून पलंगाच्या पलीकडे, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिला म्हटलं, माझ्यापर्यंत येऊ दे. आता ती मुलाखतही घेते. जुन्या विहिरींची नावं, कुठल्या विहिरीचं पाणी कधी खारट झालं, कोणत्या वाडीत राजेळी केळी किती होती, हे सगळं ती वहीत टिपून घेते आणि शाळेत नेते. माझा मित्र त्यासाठी शनिवारी सकाळपासून दाढी करून तयार असतो.

वाचून दाखवायची घरं आमच्याच धर्मग्रामात अजून बरीच उरली आहेत, आणि गिरीज, उमराळे, वाघोलीकडूनही विचारणा आली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वसईतच आहेत आणि ज्यांना शनिवारी दुपारी तासभर मिळू शकतो, त्यांनी रविवारी पहिल्या मिस्सेनंतर चर्चच्या फलकापाशी मला भेटावं. मोठ्या टायपातले उतारे मी काढून ठेवले आहेत, आणि पहिल्या दोन शनिवारी मी स्वतः बरोबर येईन.