ऊसतोडीच्या हंगामातली जनगणना

२०११ च्या जनगणनेत मला प्रगणक म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याचा एक गट मिळाला होता. त्याच भागातल्या माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. लोकसंख्येची घनता, लिंग गुणोत्तर, स्थलांतराची कारणे ही प्रकरणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो आहे. परंतु या संज्ञा प्रत्यक्ष माणसांना कुठे लागू पडतात आणि कुठे अपुऱ्या ठरतात, हे एका भिल्ल वस्तीत फेब्रुवारीतल्या एका दिवशी जितके स्पष्ट दिसले, तितके त्याआधी कधी दिसले नव्हते.

प्रथम नियम सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. प्रत्यक्ष गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता आणि २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र हा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, होता. एखाद्या घरात नेहमी राहणारी व्यक्ती या काळात काही दिवस तरी तिथे राहिली असेल किंवा २८ तारखेपर्यंत परतणार असेल, तर तिची नोंद त्या घरात करायची. ती सबंध काळ बाहेरगावी असेल, तर तिची नोंद ती जिथे असेल तिथे व्हायची. कोणी दोनदा मोजला जाऊ नये आणि कोणी सुटू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचे ट्रक भरतात आणि माणसे बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. त्यांतली काही होळीला येऊन जातात, पण पाडा पुन्हा भरतो तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास. घरयादीचे काम आदल्या वर्षी उन्हाळ्यात झाले होते, तेव्हा सगळे घरी होते. त्यामुळे माझ्या हातातल्या यादीत भरलेली घरे होती आणि समोर कुलपे होती. काही दारांना तर कुलूपही नव्हते. कुडाच्या दाराला बाभळीची फांदी आडवी लावून माणसे गेलेली होती.

जी घरे उघडी होती, त्यांत म्हातारी माणसे आणि शाळेच्या वयाची मुले होती. त्या दिवशी त्या पाड्याचा वय-लिंग मनोरा काढला असता, तर तळाशी मुलांचा पट्टा, वर वृद्धांचा पट्टा आणि मधला भाग जवळजवळ रिकामा, असा तो दिसला असता. अवलंबित्वाचे गुणोत्तर काढताना आपण १५ ते ५९ हा कार्यकारी वयोगट धरतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची संख्या त्याच्याशी ताडून पाहतो. इथे कमावणारा गटच दुसऱ्या राज्यात होता आणि अवलंबून असलेले सगळे इथे होते. पाड्याच्या कारभाऱ्याला मात्र कोण कुठे गेले आहे ते तोंडपाठ होते. तो माणसांऐवजी कोयत्यांत मोजत होता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी: त्याने ऊस तोडायचा, तिने मोळ्या बांधायच्या, आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) व मजुरी दोन्ही जोडीवर ठरायची. सोबत नेलेले तान्हे मूल किंवा मदतीला गेलेली दहा वर्षांची बहीण त्या हिशेबात कुठेच नसते.

एका घरी आजीने मला अडवले. तिचा थोरला मुलगा आणि सून बारडोलीकडे होते आणि चैत्राआधी येणार नव्हते. त्यांची दोन मुले तिच्याजवळ होती. मी मुलांची नावे लिहिली आणि थोरल्याचे नाव इथे लिहिता येणार नाही असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “गुर्जी, मना पोऱ्या आठेनाच शे, लिखी ल्या ना.” (माझा पोरगा इथलाच आहे, लिहून घ्या ना.) शिधापत्रिकेवर त्याचे नाव आहे, मतदार यादीत आहे, जमिनीचा तुकडा इथे आहे, हे तिचे म्हणणे खरेच होते. मी तिला तिकडचा प्रगणक त्याचे नाव घेईल असे सांगितले आणि पर्यवेक्षकांना फोन करून खात्रीही करून घेतली. तिचे समाधान झाले नाही, आणि ते का व्हावे, हेही मला कळेना. ऊसाच्या फडाकडेला प्लास्टिकच्या कागदाची आणि पाचटाची खोपटी घालून राहणारी ही माणसे पहाटे अंधारात कामाला निघतात; तिथे प्रगणक पोहोचणे सोपे नाही. बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री होणार होती, पण खोपटे हे घर धरायचे की नाही, इथूनच या मजुरांचा प्रश्न सुरू होतो.

त्याच घरी धाकटा मुलगा आणि त्याची बायको मात्र हजर होते. तिची प्रसूती सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात तोडीवर असतानाच झाली, त्यानंतर ताप उतरेना, म्हणून तिला आणि तान्ह्या मुलीला घेऊन तो अर्ध्या हंगामात परत आला होता. उचल फिटलेली नव्हती. बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढली होती. तिकडे कोणी नावे लिहून घेतली होती का, असे मी विचारले. कोणी घेतली नव्हती. म्हणून तिघांची नोंद इथे करायची ठरली आणि मी कुटुंब अनुसूची भरू लागलो. त्या अनुसूचीत २९ प्रश्न होते. जन्मस्थान, आधीचे निवासस्थान, तिथून येण्याचे कारण आणि इथल्या वास्तव्याचा कालावधी असे स्थलांतराविषयीचे प्रश्न त्यांतच होते.

आजीचा जन्म शेजारच्या तालुक्यातला: स्थलांतरित, कारण लग्न. सुनेचे माहेर डोंगराच्या वरच्या अंगाला: स्थलांतरित, कारण लग्न. तान्ह्या मुलीचा जन्म सुरत जिल्ह्यातला: स्थलांतरित, कारण ‘जन्मानंतर स्थलांतर’, कालावधी शून्य वर्षे. आणि तिचा बाप, जो वयात आल्यापासून दर दिवाळीला कोयता घेऊन राज्याची हद्द ओलांडतो, त्याचा जन्म याच पाड्यातला आणि नेहमीचे राहणेही इथलेच. तात्पुरत्या वास्तव्याला आधीचे निवासस्थान धरायचे नाही, असे प्रशिक्षणात सांगितलेले होते. म्हणून तो स्थलांतरित नाही. रोजगार हे कारण त्या घरातल्या कोणाच्याच नावापुढे आले नाही. मी दोन वेळा ओळी तपासल्या. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते.

हे एका घराचे झाले, पण देशाची आकडेवारीही अशाच घरांची बनते. २०११ मध्ये भारतात आधीच्या निवासस्थानानुसार सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित ठरले आणि त्यांत लग्नामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता. रेव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून जे नियम मांडले, त्यांतला कमी अंतराच्या स्थलांतरात स्त्रिया अधिक असतात हा नियम आमच्या आजीला आणि सुनेला तंतोतंत लागू पडतो. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये रेटा देणारे घटक, ओढणारे घटक आणि मधले अडथळे अशी मांडणी केली. आमच्याकडे खरीप संपला की उताराच्या कोरडवाहू शेतात काम उरत नाही, हा रेटा. गुजरातेतला बागायती ऊस, ही ओढ. आणि प्रवासखर्च, अनोळखी मुलूख, हातात पैसा नसणे हे मधले अडथळे मुकादम उचल आणि ट्रक देऊन दूर करतो. मात्र हीच उचल पुढच्या वर्षी रेटा होते, हे मी तेव्हापासून वर्गात आवर्जून सांगतो. खान्देशातून गेलेल्या या ऊसतोड मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून केला आहे. म्हणजे हा प्रवास नवा नाही आणि अभ्यासकांना अज्ञातही नाही.

लिंग गुणोत्तराचा धडा मी त्या दिवसानंतर वेगळा शिकवू लागलो. २०११ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात ९२९, आणि सुरत जिल्ह्यात अवघ्या ७८७. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि कारखान्यांत देशभरातून एकटे पुरुष येतात, त्यामुळे तिथले गुणोत्तर खाली ओढले जाते. ऊसतोडीला जोडपे जाते, म्हणून पाड्यातून शेकडो माणसे निघून गेली तरी गुणोत्तरावर तिचा फारसा ओरखडा उमटत नाही. केवळ तो आकडा पाहणाऱ्याला नंदुरबार स्थिर जिल्हा वाटेल. घनतेचेही तसेच आहे: चौरस किलोमीटरला २७७ माणसे हा आकडा जळगावच्या ३६० पेक्षा हलका वाटतो, पण डोंगर आणि वन वगळून कसता येण्याजोग्या जमिनीशी माणसे ताडून पाहिली की हा हलकेपणा राहत नाही.

त्या जूनमध्ये दहावीच्या मुलांना घेऊन मी त्याच पाड्याचा मनोरा काढला. फेब्रुवारीत कोण बाहेर होते ते घरोघरी विचारून दुसरा मनोरा त्याच कागदावर शेजारी काढला. वर्गातल्या कितीतरी मुलांना दुसऱ्या मनोऱ्यातली रिकामी जागा आपल्या आईबापांची आहे हे समजावून सांगावे लागले नाही. ती मुले हंगामात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहूनच दहावीपर्यंत आली होती.

अशी माणसे आकड्यांत आणण्याचा एक प्रयत्न राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये केला. मागच्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्यांना तिने अल्पकालीन स्थलांतरित मानले. पाहणीचा हेतू चांगला होता, पण ऊसतोडीचा हंगाम सहा महिन्यांच्या त्या रेषेवरच येतो. कारखाना लवकर बंद झाला तर मजूर व्याख्येत बसतो, गाळप लांबले तर व्याख्येबाहेर जातो.

येत्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ आहे, म्हणजे गणना पुन्हा तोडणीच्या दिवसांतच येणार आहे. प्रशिक्षणाला जाणाऱ्या तरुण शिक्षकांना मी दोन गोष्टी सांगतो. बंद दाराची नोंद नुसती ‘कुलूप’ अशी न ठेवता ते कुटुंब कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्याच्या तोडीवर आहे हे शेजाऱ्यांना किंवा कारभाऱ्याला विचारून आपल्या वहीत लिहावे आणि पर्यवेक्षकांमार्फत तिकडच्या यंत्रणेला कळवण्याचा आग्रह धरावा. आणि अर्ध्या हंगामात परतलेले कुटुंब भेटले तर तिकडे मोजले गेलात का, हे विचारल्याशिवाय पुढच्या घरी जाऊ नये. अनुसूचीत आणखी एक प्रश्न असावा असे माझे मत आहे: गेल्या वर्षभरात या व्यक्तीने कामासाठी किती महिने आणि कोणत्या जिल्ह्यात काढले. त्याला कमाल मर्यादा नसावी, आणि तो घरातल्या लहान मुलांबद्दलही विचारला जावा.